आधी लिफ्ट आणि फरशी बघा
रुग्णालयात औषधे, चादरी, जेवण पोचवायला स्वयंचलित गाड्या आणाव्यात, असे सांगणारा लेख वाचला आणि मुद्दा पटला. मी गोव्यातल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीला वॉर्डात दोघीच असतो. एक जण रक्ताचे नमुने घेऊन लॅबला गेली की दुसरीवर अख्खा वॉर्ड येतो.

म्हणून सुरुवात न्यूमॅटिक ट्यूबने करा. नमुना डब्यात घालून नळीत सोडला की हवेच्या दाबाने काही मिनिटांत लॅबमध्ये. मात्र वेग फार असला किंवा धक्के बसले तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम उगाच वाढलेले दिसते. त्यामुळे ती वापरात आणण्याआधी लॅबने नळीतून आलेले नमुने हाताने आणलेल्या नमुन्यांशी ताडून बघायलाच हवे.

जड सामानाचे मात्र वेगळे आहे. त्यासाठीची स्वयंचलित गाडी ट्रॉलीखाली शिरून तिला उचलते, लिफ्टलाही स्वतःच संदेश देऊन बोलावते. पण आमच्याकडे रुग्ण, जेवण, नातेवाईक आणि मळके कपडे एकाच लिफ्टने जातात! दोन इमारतींच्या जोडावर फरशी बोटभर वर आलीय. भरलेली ट्रॉली तिथे अडते आणि मामा (आमचे वॉर्डबॉय) ती मागून उचलून रेटतात. पावसात तो व्हरांडा निसरडा होतो, हे वेगळेच. तिथे यंत्र काय करणार?

नव्या इमारतींच्या आराखड्यातच सामानाची लिफ्ट स्वतंत्र ठेवा, कचऱ्याची वाट जेवणाच्या वाटेपासून दूर ठेवा. आणि मामांना कमी करू नका. स्ट्रेचरवरच्या घाबरलेल्या माणसाला धीर देत नेणारे तेच असतात.