निवेदकाकडेही लक्ष द्या

‘ई तू मामा ताम्बियेन’ या मेक्सिकन चित्रपटावरचा लेख आवडला, पण त्यातल्या धीट दृश्यांवर इतकं लिहिताना निवेदकाचा उल्लेख एका ओळीत उरकला, याची खंत वाटली. माझ्या मते आल्फोन्सो क्वारोनच्या या २००१च्या चित्रपटाचा जीव त्या आवाजातच आहे. तेनोच आणि हुलिओ ही दोन मुलं लुईसा नावाच्या बाईसोबत किनाऱ्याकडे निघालीत; ती गाडीत बडबडत असतात, मध्येच सगळे आवाज बंद होतात आणि निवेदक शांतपणे मेक्सिको सांगायला लागतो. वाहतूक खोळंबलीय, कारण मिचोआकानहून आलेला एक गवंडी रस्ता ओलांडताना गाडीखाली गेलाय. पादचारी पूल गैरसोयीच्या जागी, त्यामुळे त्याला रोज दोन किलोमीटर जास्त चालावं लागलं असतं. तेनोच आपल्याला वाढवणाऱ्या बाईच्या गावावरून जातो आणि चकार शब्द काढत नाही. किनाऱ्यावर भेटलेला कोळी चुय पुढे हॉटेलात सफाई कामगार होणार, पुन्हा कधीच मासेमारी करणार नाही, हेही आपल्याला तिथेच कळतं. मला तर लुईसाच्या दुःखाइतकंच हे लागलं.

व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं ते आल्फोन्सो आणि त्याचा भाऊ कार्लोस या दोघांना. त्या दोन मुलांच्या भूमिका करणाऱ्या गाएल गार्सिया बेर्नाल आणि दिएगो लुना यांनाही तिथेच नवोदित अभिनेत्यांचा पुरस्कार मिळाला. छायाचित्रकार लुबेझ्कीचा कॅमेराही नायकांना सोडून स्वयंपाकघरात, रस्त्याकडेच्या पोलीस तपासणीकडे वळतो. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी सबटायटल्ससह, सलग पाहावा. निवेदन आलं की चित्रपट पुढे पळवू नका.