‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी लॉग उघडा ना!

मशीन अडकलं? फॉरमॅट मारा. अपडेट होत नाही? सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशनचं, म्हणजे उतरवलेल्या अपडेटांचं, फोल्डर उडवा. नेटवर्कवरून बूट होत नाही? पेनड्राइव्हने टाका. ऑफिसातल्या शेकडो कॉम्प्युटरांवर विंडोज चढवण्याची आणि ती ताजी ठेवण्याची जबाबदारी असलेल्या कितीतरी लोकांचा दवाखाना या तीन औषधांवर चाललाय, आणि याचा आता अक्षरशः वीट आलाय. कारण शोधायचंच नाही. पुरावा होता तो (म्हणजे लॉग, मशीनने स्वतः लिहिलेली घडामोडींची नोंद) पुसायचा, मशीन चालू झालं की तिकीट बंद करायचं. आठवड्याने त्याच मॉडेलची आणखी दहा मशीनं तशीच पडली की पुन्हा तेच.

मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून इमेज, म्हणजे विंडोजची तयार प्रत, चढता चढता चौकट येते: टास्क सिक्वेन्स (ठरवून दिलेल्या पायऱ्यांची मालिका) फेल, कोड ८०००४००५. या कोडचा अर्थ ‘अनिर्दिष्ट चूक’ एवढाच आहे! म्हणजे त्या आकड्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकून काहीही हाती लागणार नाही. तरी रोज तोच फोटो येतो. खाली उलटी मोजणी चालू असते, ठरलेली मुदत १५ मिनिटांची. ती संपली की मशीन रीस्टार्ट होतं, आणि डिस्क फॉरमॅट व्हायच्या आधीच गाडी अडली असेल तर लॉगही जातो, कारण तो तेव्हा एक्स ड्राइव्हवर म्हणजे निव्वळ रॅममध्ये असतो. लोक चहाला जातात, परत येतात आणि म्हणतात, ‘काही कळत नाही बुवा, पुन्हा लावून बघतो.’ कळेल कसं? कळायची जागाच पुसली गेली.

एफ८ दाबा. काळी खिडकी उघडते, आणि ती उघडी आहे तोवर मशीन रीस्टार्ट होत नाही. दाबून काही झालं नाही तर बूट इमेजमध्ये, म्हणजे मशीन आधी ज्यावर उठतं त्या छोट्या विंडोजमध्ये, कमांड सपोर्ट चालू केलेला नाही. तो चालू करणं हे एका टिकमार्कचं काम आहे आणि ते वर्षानुवर्षं कुणी करत नाही. (सगळीकडे रोलआउट झाल्यावर तो बंद करा, नाहीतर कुणीही बसल्या जागी सिस्टमचे अधिकार घेईल. पण चाचणीच्या काळात तो हवाच.) खिडकी उघडली की आधी आयपीकॉन्फिग, म्हणजे नेटवर्कचा पत्ता दाखवणारी कमांड. पत्ताच दिसत नाही? मग बहुधा बूट इमेजमध्ये त्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही. पत्ता आहे? मग डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, म्हणजे डिस्कांची यादी. यादी रिकामी? नव्या लॅपटॉपांत बऱ्याचदा बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) चालू असतं, त्याचा स्टोरेज ड्रायव्हर बूट इमेजमध्ये घातल्याशिवाय एसएसडी दिसतच नाही. दोन तपासण्या, दोन मिनिटं. यासाठी ‘हार्डडिस्क खराब आहे’ म्हणून धडधाकट लॅपटॉप वॉरंटीला पाठवणारे लोक आहेत!

दोन्ही ठीक असेल तर एसएमएसटीएस.लॉग, म्हणजे टास्क सिक्वेन्सचाच लॉग, उघडा. आणि कृपा करून खालून वर वाचा. शेवटची ओळ नेहमी ‘बिघडलं’ एवढंच सांगते, खरं कारण दहा-वीस ओळी वर असतं. कोड ८००७०००२ म्हणजे फाइल सापडली नाही. ती का सापडली नाही ते त्याच्या वर लिहिलेलं असतं: पॅकेज त्या शाखेच्या सर्व्हरवर पोचलंच नव्हतं, किंवा फाइल ओढणाऱ्या खात्याचा पासवर्ड बदलला, किंवा त्या मशीनचा सबनेट (नेटवर्कचा तुकडा) कुठल्याच बाउंडरी ग्रुपमध्ये नाही, म्हणजे त्याने कुठल्या सर्व्हरकडे जायचं हेच ठरलेलं नाही. सर्टिफिकेटची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची) तक्रार दिसली तर बायोसचं घड्याळ बघा. कपाटात पडून राहिलेल्या मशीनची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते आणि त्या तारखेला सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसतं. मग एचटीटीपीएसवरून एकही फाइल उतरत नाही. हे फॉरमॅटने सुटणार आहे का?

आता नेटवर्क बूट, म्हणजेच पीएक्सई. ‘पीएक्सई बेभरवशाचं आहे’ हे वाक्य ऐकलं की तिडीक जाते. ते बेभरवशाचं नाही, मध्ये बसलेला स्विच तसा ठेवलाय. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या पोर्टावर केबल जागी झाली की पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, मग रहदारी सोडतं. तेवढ्यात बिचाऱ्या नेटवर्क कार्डाची हाक मारून संपते आणि ते हार्डडिस्ककडे वळतं. दुसऱ्यांदा लावलं की कधी चालतं, कधी नाही, म्हणून ‘बेभरवशाचं’. मशीन लावायच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही थांबाथांब टाळणारी सेटिंग) चालू करा, झालं. ते नेटवर्कवाल्यांना सांगायला कुणी तयार नाही, कारण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मेल लिहावी लागते.

आणि ते डीएचसीपीमधले, म्हणजे मशीनांना पत्ते वाटणाऱ्या सेवेतले, पर्याय ६६ आणि ६७! कुणीतरी कधीकाळी ६७ मध्ये जुन्या बायोसची बूट फाइल लिहून ठेवली, आता सगळी मशीनं यूईएफआयची (बायोसच्या नव्या अवताराची) आली, आणि प्रत्येकाला चुकीची फाइल हातात मिळते. ते पर्याय काढून टाका. राउटरवर आयपी हेल्परमध्ये (मशीनची हाक दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे पोचवणाऱ्या सेटिंगमध्ये) डीएचसीपी सर्व्हरच्या जोडीने पीएक्सई सर्व्हरचाही पत्ता घाला, म्हणजे कुठल्या मशीनला कुठली फाइल द्यायची ते सर्व्हर स्वतः ठरवतो. फायरवॉलमध्ये यूडीपी ६७, ६८, ६९ आणि ४०११ उघडे आहेत का ते बघा. ४०११ हमखास राहतो. लॅन पोर्ट नसलेल्या लॅपटॉपांना एकच यूएसबी डोंगल फिरवत असाल, तर पहिलं मशीन चढतं आणि दुसऱ्याला सर्व्हर ‘हा तर ओळखीचा’ म्हणून दारातून परत पाठवतो, कारण मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) डोंगलचा असतो. त्या डोंगलचा मॅक डुप्लिकेट हार्डवेअर ओळखींच्या यादीत घाला. रोज कन्सोलमध्ये जाऊन जुनी नोंद डिलीट करत बसणं हा उपाय नव्हे.

अपडेटचं तर विचारूच नका. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच येतात, हे कॅलेंडरात आधीपासून लिहिलेलं आहे. तरी दर महिन्याला पूर आल्यासारखी धावपळ. डब्ल्यूएसयूएसचा (ऑफिसातच अपडेट वाटणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचा) कन्सोल ‘कनेक्शन एरर’ दाखवतो, मशीनं ८०२४४०२२ दाखवतात, आणि लगेच कुणीतरी सगळ्या मशीनांवर स्क्रिप्ट सोडतं: सेवा थांबवा, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन उडवा, सेवा चालू करा.

अहो, ८०२४४०२२ म्हणजे सर्व्हरने ५०३, ‘सध्या सेवा उपलब्ध नाही’, असं उत्तर दिलंय. मशीन निरोगी आहे, दम सर्व्हरला लागलाय! आयआयएसमध्ये (विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये) डब्ल्यूएसयूएस-पूल नावाच्या अॅप्लिकेशन पूलला मूळची मेमरी मर्यादा १८,४३,२०० केबी, म्हणजे जेमतेम पावणेदोन जीबी असते. शेकडो मशीनं एकदम स्कॅनला आली की ती ओलांडली जाते आणि पूल झोपतो. आता तुमची ती स्क्रिप्ट काय करते ते बघा. फोल्डर उडवलं की मशीन आधी काय काय तपासलं होतं ते विसरतं आणि सगळं पहिल्यापासून स्कॅन करायला येतं. म्हणजे दमलेल्या सर्व्हरवर शंभर जणांनी एकदम नव्याने उडी घ्यायची. हा इलाज रोग वाढवतो. मग संध्याकाळी ‘डब्ल्यूएसयूएस बोगस आहे’.

मेमरी मर्यादा ० (म्हणजे मर्यादाच नाही) करा किंवा रॅम बघून ४ ते ८ जीबी द्या. त्याच पूलच्या रांगेची लांबी १००० वरून २००० करा. मग ज्याला कुणी कधीच हात लावत नाही ते काम करा: ज्या अपडेटची जागा नव्याने घेतलीये ते जुने अपडेट नाकारा, ड्रायव्हरची वर्गवारी काढून टाका, डेटाबेसचे इंडेक्स नव्याने बांधा, आणि क्लीनअप महिन्याला एकदा ठरवून चालवा. वर्षानुवर्षं न झाडलेल्या डेटाबेसमध्ये हजारो मेलेले अपडेट पडलेले असतात आणि प्रत्येक मशीन प्रत्येक स्कॅनला त्यांचा डोंगर ओलांडतं. झाडलोट नको आणि वेग हवा!

तसंच कन्सोलमध्ये ‘मशीनं गायब होतात’ ही तक्रार. एक दिसतं, दुसरं नाहीसं होतं, उद्या उलट. हे गूढ नाही. सिसप्रेप (छापण्याआधी मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) न करता एका मशीनची डिस्क दहा मशीनांवर छापली, दहाहींच्या रजिस्ट्रीत सस-क्लायंट-आयडी, म्हणजे डब्ल्यूएसयूएससाठीची ओळख, एकच, म्हणून दहा जण एकाच नावाच्या खुर्चीवर आळीपाळीने बसतात. सिसप्रेप ‘चालत नाही’ म्हणून टाळला असेल, तर त्याच्याच पँथर फोल्डरमधला सेटअपअॅक्ट.लॉग उघडा. बहुतेक वेळा स्टोअरचं एखादं अॅप एकाच युजरपुरतं बसलेलं असतं, त्याचं नाव तिथे छापलेलं असतं. ते काढा, सिसप्रेप होतो.

लॉग तर वाचाच, पण कोडच्या नावावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण काही कोड सरळ दिशाभूल करतात. ९ जानेवारी २०२४ ला विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हा अपडेट आला आणि जगभर मशीनं ८००७०६४३ म्हणून अडली. त्या कोडचं वर्णन ‘इन्स्टॉल करताना गंभीर चूक’. खरं कारण? रिकव्हरी पार्टिशनमध्ये (डिस्कच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या भागात) २५० एमबी मोकळी जागा नव्हती. एवढंच! ‘जागा कमी आहे’ हे तीन शब्द लिहायला काय जात होतं? लोकांनी विंडोज दुरुस्त करायला डिझम चालवलं, एसएफसी चालवलं, काहींनी अख्खी मशीनं पुसली आणि पार्टिशनची तीच मांडणी पुन्हा छापली, मग तोच कोड पुन्हा.

सॉफ्टवेअर ढकलताना होणारे घोळ वेगळे. कोड ३०१० म्हणजे बसलं, फक्त रीस्टार्ट हवा. त्याला फेल समजून पुन्हा पुन्हा ढकलणारी स्क्रिप्ट लिहू नका. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थांबा. १६०३ ला काही अर्थ नाही, त्यासाठी एमएसआयचा (विंडोज इन्स्टॉलरचा) सविस्तर लॉग काढून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा आणि त्याच्या वरच्या ओळी वाचा. ‘माझ्या मशीनवर डबल क्लिकने होतं’ हा तर पुरावाच नाही. ढकललेलं सॉफ्टवेअर सिस्टम खात्याखाली चालतं, स्क्रीनशिवाय. इन्स्टॉलरने ‘ओके’ विचारलं तर ती खिडकी कुणालाच दिसत नाही आणि काम दोन तास लटकून टाइमआउट होतं. आधी पीएसएक्झेक या साधनाने सिस्टम खात्याखाली चालवून बघा, मग सोडा. आवृत्ती तपासताना ती मजकूर म्हणून तपासली तर १० हा आकडा ९ पेक्षा लहान ठरतो, आणि बसलेलं सॉफ्टवेअर ‘बसलं नाही’ म्हणून रोज नव्याने बसत राहतं.

आणि सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी गोष्ट: ‘मी रोज बंद करतो हो मशीन!’ टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, खाली अपटाइम. तिथे २३ दिवस लिहिलेले असतात. युजर खोटं बोलत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन म्हणजे कर्नलला (विंडोजच्या गाभ्याला) झोपवून ठेवणं, सकाळी तेच कर्नल उठून बसतं. रीस्टार्टच खरा रीस्टार्ट. ग्रुप पॉलिसीने फास्ट स्टार्टअप बंद करा आणि रीस्टार्टची शेवटची मुदत ठरवून द्या. पण ती मुदत लावायची म्हटली की वरून फोन येतो: ‘लोकांच्या कामात व्यत्यय नको.’ आणि महिनाअखेरीस त्याच तोंडाने ‘९० टक्केच पॅच का? १०० का नाहीत?’ रीस्टार्ट द्यायचा नाही आणि आकडा मागायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

टप्प्याटप्प्याने सोडायलाही विरोध तिथूनच. ‘एकदम सगळीकडे टाका, वेळ नाही.’ १९ जुलै २०२४ विसरलात का? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल एकदम सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर गेली. ती फाइल मागे घेतली तरी अडकलेली बरीच मशीनं आपोआप उठली नाहीत, सेफ मोडमध्ये जाऊन हाताने ती फाइल पुसावी लागली, आणि त्यासाठी बऱ्याच ठिकाणी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) की लागली. तुमच्याकडे प्रत्येक मशीनची की डिरेक्टरीत जमा होते का, हे आज तपासा. बायोसचा अपडेट ढकलण्याआधी बिटलॉकर एका रीस्टार्टपुरतं स्थगित करा, नाहीतर सकाळी अख्खा मजला त्या कीचे ४८ आकडे विचारत उभा राहील.

आधी पाच मशीनं, प्रत्येक मॉडेलचं किमान एक, त्यात हिशेबाचं मशीन हवं आणि जुना प्रिंटर जोडलेलंही हवं. दोन दिवस थांबा. मग एक विभाग. मग बाकीचे. आणि तिकिटात ‘चालत नाही’ असं लिहून पाठवू नका. मशीनचं मॉडेल, अपटाइम, पूर्ण कोड आणि लॉगची फाइल जोडा, आणि फाइल जोडून होईपर्यंत त्या मशीनच्या फॉरमॅटच्या बटणाला हात लावू नका.