फ्लोरा फाउंटन पाडलेलं नाही : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

सांगलीतल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : मुंबईच्या फ्लोरा फाउंटनवर राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता आणि ते कारंजं पाडून हुतात्मा स्मारक बांधलं. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

कारंजं जागेवरच आहे. जुन्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता तिथे ते १८६४ साली उभं राहिलं. माथ्यावरची मूर्ती फ्लोराची, रोमन लोकांच्या फुलांच्या देवतेची. जेम्स फोर्सिथ यांनी ती पोर्टलंडच्या दगडात घडवली. कारंजं आधी व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी ठरलं होतं. राणीचं नाव त्यावरूनच चिकटलं असावं. मूर्तीवर चढलेले रंगाचे थर दुरुस्तीत खरवडून काढले, त्यामुळे आता मूळ दगड दिसतो.

हुतात्मा स्मारक त्याच्या शेजारी, स्वतंत्र आहे. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. चौकात उभं राहिलं की दोन्ही एका नजरेत दिसतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी इथे गोळ्या झेलल्या. त्यांच्या स्मारकाला पाडापाडीची खोटी गोष्ट जोडलेली बघवत नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.