स्लो टूल्सबद्दल एकदा स्पष्टच बोलते

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहून टाकते. पोस्ट मोठी झालीय, पण आयटीत ज्यांच्या हाताखाली टीम आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

प्रोग्रॅमर जेव्हा म्हणतो की मशीन स्लो आहे, बिल्डला (म्हणजे लिहिलेल्या कोडचं चालणारं सॉफ्टवेअर तयार व्हायला) वेळ लागतो, टूल हँग होतं, तेव्हा समोरच्याला ते नखरे वाटतात. "दोन-तीन मिनिटांनी काय बिघडतं, चहा घेऊन ये तोवर." बिघडतं, खूप बिघडतं. बग शोधताना डोक्यात पाच-सहा गोष्टी एकदम धरून ठेवाव्या लागतात, कुठलं फंक्शन कुणाला कॉल करतंय, कुठली व्हॅल्यू मध्येच कुठे बदलली, आपण आत्ता काय चेक करायला निघालो होतो, आणि यातलं बरंचसं स्क्रीनवर नसतं, डोक्यातच असतं. बिल्ड तीन सेकंदात झालं तर ते टिकतं. तीन मिनिटं लागली की माणूस मोबाईल हातात घेतो, व्हॉट्सॲप बघतो, आणि परत येईपर्यंत निम्मं निसटलेलं असतं, मग पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे नुकसान तीन मिनिटांचं नसतंच, त्याच्या कितीतरी पट असतं.

आणि हे आज कळलंय असंही नाही. आयबीएमच्या वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी १९८२ मध्येच लिहून ठेवलंय की कॉम्प्युटरने एका सेकंदाच्याही आत उत्तर दिलं तर माणसाचं काम नुसतं थोडं वाढत नाही, झपाट्याने वाढतं. त्याआधी दोन सेकंद थांबणं चालतं असा समज होता. चाळीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला!

आता हिंजवडीतल्या कुठल्याही सर्व्हिस प्रोजेक्टवर जाऊन बघा. क्लायंट अमेरिकेत, त्याची सिक्युरिटी पॉलिसी अशी की कोड त्यांच्या नेटवर्कबाहेर येता कामा नये, म्हणून इथल्या पोरांना व्हीडीआय दिलेला असतो, म्हणजे मशीन तिकडे आणि इथे फक्त त्याचं चित्र दिसतं. पुणे ते न्यूयॉर्क सरळ अंतरच साधारण साडेबारा हजार किलोमीटर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद तर निसर्गनियमानेच गेले, आणि केबल समुद्रातून वळसे घेत जाते म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या वर. वर स्क्रीन कॉम्प्रेस करून पाठवायचा वेळ वेगळा. मग होतं काय, तुम्ही चुकीचं अक्षर पुसायला बॅकस्पेस दाबता, काही हलत नाही, अजून दोनदा दाबता, आणि मग तिन्ही एकदम पोचतात आणि बरोबर असलेली अक्षरंही उडतात. असं दिवसभर टाईप करायचं, आणि संध्याकाळच्या कॉलवर विचारणार की एवढ्याशा चेंजला पूर्ण दिवस कसा लागला. हे मी स्वतः अनुभवलंय, म्हणून राग येतो.

लोक म्हणतात हल्ली सॉफ्टवेअरच मोठं झालंय, फीचर्स वाढली, वेळ लागणारच. थोडं खरं आहे, नाही म्हणत नाही. पण आपल्याकडे ज्यांनी इंजिनिअरिंगला टर्बो सीची निळी स्क्रीन बघितलीय त्यांना आठवत असेल, कंट्रोल एफ नाईन दाबलं की लगेच आउटपुट. ते टर्बो सी बनवणाऱ्या बोर्लंड कंपनीचंच टर्बो पास्कल १९८३ चं, त्याचा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) लिहिला अँडर्स हेल्सबर्ग यांनी, आणि पुढच्या ३.० व्हर्जनच्या काळातही एडिटर, कंपायलर सगळं मिळून फाइल ४० केबीच्या आत. हेच हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये टाईपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे मुख्य आर्किटेक्ट झाले, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांनीच सांगितलं की टाईपस्क्रिप्टचा कंपायलर आता गो भाषेत नव्याने आणतोय. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्याच एडिटरचा सोर्स कोड, जवळपास पंधरा लाख ओळी, तपासायला जुन्याला ७७.८ सेकंद आणि नव्याला ७.५. तोच कोड, तेच नियम. ही वाढ कुठून आली? कुणीतरी ठरवलं की स्पीड हेसुद्धा आपलंच काम आहे, तिथून आली.

याहून मोठं उदाहरण गेमचं. जीटीए ऑनलाइन पीसीवर सुरू व्हायला काही जणांना पाच-सहा मिनिटं लागायची, वर्षानुवर्षं, आणि सगळ्यांनी धरून चाललं होतं की गेमच एवढी मोठी आहे. २०२१ मध्ये बाहेरच्याच एका प्रोग्रॅमरने, सोर्स कोड हातात नसताना, शोधून काढलं की गेम दुकानातल्या वस्तूंची १० एमबीची एक जेसन फाइल (साध्या टेक्स्टमध्ये लिहिलेली माहितीची यादी) वाचते, त्यात ६३ हजार वस्तू, आणि प्रत्येक व्हॅल्यू वाचताना उरलेल्या अख्ख्या टेक्स्टची लांबी पुन्हा मोजली जाते. शिवाय प्रत्येक वस्तू आधी आलीय का हे बघायला पूर्ण यादी वरून खाली तपासायची. एवढ्या दोन गोष्टी दुरुस्त केल्यावर त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचे एक मिनिट पन्नास सेकंद झाले. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने मान्य केलं, त्याला दहा हजार डॉलर दिले, पॅच आणला. एवढी पैसेवाली कंपनी, पण तोवर आत बसलेल्या कुणाला "हे का लागतंय" विचारायची जबाबदारीच नव्हती, मला तरी याचा दुसरा अर्थ लागत नाही.

आणि माझं म्हणणं हेच आहे. टूल विकत घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा. तिकिटिंग टूलची (ज्यात प्रत्येक कामाची, तक्रारीची नोंद म्हणजे तिकीट ठेवतात) खरेदी ज्या मीटिंगमध्ये होते तिथे रिपोर्ट आणि डॅशबोर्ड दाखवतात, पण एका तिकिटाचं स्टेटस बदलायला किती वेळ चक्र फिरतं ते कुणी दाखवत नाही. एकदा अर्धा तास विचार करून लिहिलेली कमेंट सेव्ह केली आणि सेशन एक्स्पायर्ड म्हणून थेट लॉगिन पेज, लिहिलेलं सगळं गेलं. टाईप केलेलं जपून ठेवणं ही काय अवघड गोष्ट आहे हो?

अँटीव्हायरसचंही तसंच. जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या नोड मॉड्यूल्समध्ये, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार कोडच्या फोल्डरमध्ये, हजारो बारक्या फाइल्स असतात आणि स्कॅनर प्रत्येक फाइल उघडताना अडवतो. खुद्द मायक्रोसॉफ्टने हे ओळखून २०२३ मध्ये विंडोज ११ ला डेव्ह ड्राइव्ह, म्हणजे डेव्हलपरच्या कामासाठी डिस्कचा वेगळा भाग, दिला, तिथे स्कॅनिंग फाइल उघडल्यानंतर मागाहून होऊ शकतं, म्हणजे सिक्युरिटीही राहते आणि कामही होतं. पण कंपनीत तो चालू करून घ्यायचा तर तीन डिपार्टमेंटचं अप्रूव्हल लागतं, आणि तिघांपैकी कोड कुणीच लिहीत नाही.

म्हणून मॅनेजर, आर्किटेक्ट, आयटी ॲडमिन सगळ्यांना मनापासून विनंती. तुमचा भारीतला लॅपटॉप बाजूला ठेवा, टीममध्ये सगळ्यात नवीन आलेल्या पोराच्या किंवा पोरीच्या मशीनवर बसा, तोच व्हीडीआय, तोच अँटीव्हायरस, आणि एक छोटा चेंज कोड घेण्यापासून तो टीमच्या मुख्य कोडमध्ये मर्ज होईपर्यंत स्वतः करा. शेजारी घड्याळ लावा, नुसतं वाट बघण्यात किती वेळ गेला तो वेगळा लिहा. आकडा कमेंटमध्ये टाका, कंपनीचं नाव नको.