शिंगावरचा झिजलेला रंग

काल कट्ट्यावर वाद पेटला तो पेंटरने रंगवलेल्या गेंड्याच्या पुतळ्यावरून. एकाच साच्यातले प्राण्यांचे पुतळे चित्रकारांकडून रंगवून घ्यायचे, शहरभर मांडायचे आणि शेवटी चांगल्या कामासाठी लिलावात विकायचे, अशा प्रदर्शनातला तो. तीन महिने चौकात उभा असलेला रंगीत गेंडा सकाळीच लिलावासाठी उचलून नेला होता. रिकाम्या चौथऱ्याकडे बघत वकील म्हणाला, "बरं झालं. ती कला नव्हतीच, जाहिरात होती. चौथऱ्यावर पाटी कुणाची होती? पैसे देणाऱ्याची."

पेंटर गप्पच. मास्तरांनी मात्र धागा उचलला. "जाहिरातीचा भाग पहिल्यापासून आहेच. झुरिचमध्ये १९९८ साली रस्तोरस्ती रंगवलेल्या गायी उभ्या राहिल्या, त्यामागे तिथल्या दुकानदारांचीच संघटना होती. त्याआधी १९८६ मध्ये त्याच शहरात सिंह मांडले होते. गायी पास्कल नॅप या शिल्पकाराच्या. मुद्रा तीनच, उभी, चरणारी आणि बसलेली. मग १९९९ मध्ये शिकागो, २००० मध्ये न्यूयॉर्क, आणि पुढे जगभर."

"हेच म्हणतोय मी!" वकील म्हणाला. "साचा एकच, वरचा रंग तेवढा बदलायचा. ह्यात शिल्प कुठे आलं?"

इथे मला राहवलं नाही. साचा एकच म्हणून काम हलकं, हे मला कधीच पटलेलं नाही. बर्लिनची अस्वलं घ्या. अस्वल हे त्या शहराचं मानचिन्ह. २००२ मध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी शंभरावर अस्वलं गोलात उभी केली, एकेका देशासाठी एकेक, प्रत्येक वेगळ्या चित्रकाराने रंगवलेलं. सगळ्यांचे हात वर, सगळ्यांची उंची सारखी. तिथे साचा एक होता म्हणूनच त्या गोलाला अर्थ आला. एका देशाचं अस्वल शेजारच्यापेक्षा वीतभर उंच असतं तर सगळंच बिघडलं असतं. हे मी जरा आवाज चढवूनच सांगितलं.

वकील ऐकून घेतो, पण सोडत नाही. "ठीक. मग न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड लिंचच्या गायीचं काय झालं ते पण सांग."

ते मला सांगावंच लागलं. लिंच सिनेमाचा दिग्दर्शक, पण चित्रंही काढायचा. त्याला एक गाय दिली होती. त्याने तिचं मुंडकं कापलं, पाठीत काटे-सुऱ्या खुपसल्या. ती गाय रस्त्यावर ठेवू दिली नाही. "म्हणजे फुलं काढा, फुलपाखरं काढा, ढग काढा," वकील म्हणाला. "बघणाऱ्याला टोचेल असं काही काढायचं नाही. ह्याला मी सजावट म्हणतो."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. लहान मुलं घाबरतील हे कारण मला समजतं. तरी गायीच्याच प्रदर्शनात, गाय कापली जाते हे सांगणारी एक गाय असायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

ताई इतका वेळ ऐकत होती. तिचा मुद्दा सरळ होता. "टोचणारं रस्त्यावर नसेल, पण त्यातून जे उभं राहतं ते बघा. शिकागोच्या लिलावातून सुमारे ३५ लाख डॉलर धर्मादाय कामांना गेले. आणि मोशा?" मोशा म्हणजे थायलंडमधलं हत्तीचं पिल्लू. भूसुरुंगावर पाय पडून एक पाय गेला, नंतर तिला कृत्रिम पाय बसवला. तिच्यावरून सुचलेलं हत्तींचं प्रदर्शन २००७ मध्ये रॉटरडॅमला भरलं. २०१० मध्ये लंडनभर अडीचशेवर हत्ती उभे राहिले आणि आशियाई हत्तींसाठी लाखो पौंड जमले. ताई म्हणाली, "पाटीवर नाव कुणाचंही असू दे. पैसे हत्तीपर्यंत पोचले ना?"

"पोचले," मास्तर म्हणाले, "पण पुतळा गेला कुठे?"

आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. जे तीन महिने सगळ्यांचं होतं, ते लिलाव झाला की कुणाच्या तरी कुंपणाआड जातं. पैसा चांगल्या कामाला गेला तरी चौक रिकामाच राहतो. मी म्हटलं, शंभर मांडा, नव्व्याण्णव विका, पण एक तरी रस्त्यावर कायमचा ठेवा. वकीलसुद्धा ह्याला नाही म्हणाला नाही.

मग पेंटर बोलायला लागला. तो एकदा बोलायला लागला की मध्ये कुणी तोंड घालत नाही.

"गेंडा माझ्याकडे आला तेव्हा पांढरा होता. फायबरचा. साच्यात काचतंतूची मॅट आणि रेझिन थरावर थर देऊन दोन अर्धे भाग काढतात आणि जोडतात. आतून पोकळ, टिचकी मारली की डब्यासारखा वाजतो. पोटाखालून जोडाची रेघ जाते, ती पॉलिश पेपरने घासताना माझा एक दिवस गेला. मग प्रायमर, ॲक्रिलिक, वरून क्लिअर कोटचे तीन हात. कातडीच्या घड्यांमध्ये मी लव्हाळी काढली होती. पोरांना लव्हाळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना शिंग हवं होतं. येणारं प्रत्येक पोर शिंग धरायचं. महिनाभरात क्लिअर कोट गेला, मग रंग, मग खालचा प्रायमर दिसायला लागला. बरोबर एका मुठीएवढा डाग. मला तो फार आवडायचा. लव्हाळी मी काढली होती, हे त्यांनी काढलं होतं."

"मग?"

"परवा आयोजकांचा फोन आला. लिलावाआधी शिंग नवं करून द्या म्हणाले, झिजलेल्या मालाला भाव येत नाही. मी म्हटलं, असू द्या तसंच. ऐकलं नाहीत."

"मग रंगवलंस?" वकिलाने विचारलं.

"रंगवलं. पण आधी घासायला हवं होतं, ते घासलं नाही. झिजलेल्या जागेचा काठ तसाच ठेवला आणि वरून रंग दिला. डोळ्यांना दिसत नाही. हात फिरवला तर बोटाला लागतो."