एकगृही संसद हवी, पण तिचा लगाम घटनेत हवा

नव्या राज्यघटनेत एकच सभागृह असावे, या मताचा मी आहे. नियुक्त सदस्यांचे वरिष्ठ सभागृह मतदारांना उत्तरदायी नसते, आणि दोन्हीकडे एकाच पक्षाचे बहुमत असले की दुसरे सभागृह बहुधा शिक्का मारण्यापुरते उरते. मात्र घाईने आणलेले विधेयक थोपवून धरण्याचे जे काम त्याच्याकडे होते, ते पुढे कोणी करायचे याचे उत्तर घटनेच्या कलमांतच असले पाहिजे. सभागृहाच्या नियमावलीवर ते सोडता येणार नाही, कारण नियमावली बहुमताला हवी तेव्हा बदलता येते.

न्यूझीलंडने १९५० मध्ये कायदा करून वरिष्ठ सभागृह रद्द केले, पण त्या जागी दुसरा कायमचा अंकुश उभारला नाही. पुढे १९९६ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा देण्याची, पद्धत लागू होईपर्यंत एका पक्षाच्या मंत्रिमंडळाला अडवणारे सभागृहात फारसे काही नव्हते.

डेन्मार्कने १९५३ च्या घटनेत हा विचार आधीच केला. तेथे दोन पंचमांश सदस्य विधेयकाचे तिसरे, म्हणजे शेवटचे, वाचन बारा कामकाजाच्या दिवसांपर्यंत लांबवू शकतात, आणि विधेयक मंजूर झाल्यावर एक तृतीयांश सदस्य त्यावर सार्वमत मागू शकतात. विधेयक फेटाळण्यासाठी विरोधी मतांचे बहुमत तर लागतेच, शिवाय ती मते एकूण मतदारांच्या किमान तीस टक्के असावी लागतात. अर्थविषयक आणि करविषयक विधेयके यातून वगळली आहेत, हे मला अगदी योग्य वाटते. नाहीतर प्रत्येक अर्थसंकल्प ओलीस धरला जाईल. ही तरतूद आजवर एकदाच, १९६३ मध्ये, जमीनविषयक चार कायद्यांसाठी वापरली गेली आणि मतदारांनी चारही फेटाळले. विरोधकांकडे हे हत्यार आहे एवढ्या जाणिवेनेही सरकार आधीच वाटाघाटीला बसते, असे मला वाटते.

सदस्यसंख्या विषम ठेवणे ही बाब किरकोळ वाटेल. स्वीडनच्या ३५० जागांच्या एकगृही संसदेत १९७३ च्या निवडणुकीनंतर दोन्ही गट १७५-१७५ असे अडले आणि काही निर्णय चिठ्ठ्या टाकून करावे लागले. १९७६ पासून तेथे ३४९ जागा आहेत.

घटनादुरुस्तीचा नियमही मी स्वीडनकडूनच घेईन: मूलभूत कायद्यातील बदल संसदेने दोनदा, तोही त्याच शब्दांत, मंजूर करायचा आणि या दोन मंजुऱ्यांच्या मध्ये सार्वत्रिक निवडणूक झालेली असली पाहिजे.