मेडिक्लेम आहे, मग सार्वजनिक आरोग्याचं काय काम?

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘सार्वजनिक आरोग्य म्हणजे सरकारी दवाखाने, ज्यांना परवडत नाही त्यांची सोय. आपण करही भरायचा, मेडिक्लेमचा हप्ताही भरायचा आणि वापर मात्र शून्य.’

आधी ते दवाखान्यांचं. नारू आठवतो का? नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पायाला फोड यायचा, तो फुटला की दोऱ्यासारखा पांढरा जंत तोंड काढायचा. तुटू नये म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. दोन-तीन फुटांचा तो ऐवज बाहेर यायला कित्येक दिवस जायचे. त्यावर ना लस होती, ना गोळी. आजही नाही. तरीही १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण सापडला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. हे कुठल्या वॉर्डात झालं? नारू झालेला पाय पायविहिरीत बुडायचा, अळ्या पाण्यात सुटायच्या, तेच पाणी गाव प्यायचं. मग विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या, हातपंप बसले, पाणी फडक्यानं गाळून प्या म्हणून बायाबापड्यांना सांगत माणसं घरोघर फिरली. सार्वजनिक आरोग्य म्हणतात ते हे.

‘परवडत नाही त्यांची सोय’? जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) रुग्ण एकामागून एक निघाले. संशय पाण्यावर गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. खाजगी रुग्णालयांतही माणसं व्हेंटिलेटरवर होती. मेडिक्लेममधून बिल भागतं (भागलं तर!), विहिरीत क्लोरीन पडत नाही.

आणि ‘वापर शून्य’ म्हणणाऱ्यांनी आईवडिलांच्या दंडावरचा देवीच्या लशीचा वण बघावा, मग मुलांचा दंड बघावा. तिथं तो वण नाही, कारण देवीचा रोगच संपला.

सरकारी यंत्रणेवर टीका जरूर करा. रिकामी पदं, कागदावरची धूरफवारणी, यावर भांडायलाच हवं. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात; म्हणून तर आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे तपासायला पालिकेच्या बाई येतात, तेव्हा टॉवरचा वॉचमन त्यांना गेटवरूनच परत पाठवतो. कमिटीनं त्याला तसंच सांगून ठेवलेलं असतं. ती सूचना आजच मागे घ्या.